मोहरीएवढी

२८ जानेवारी १९७३, रविवार

खोकं तयार झालं आणि बाळ त्यात झोपलंसुद्धा! अण्णांनी जुन्या दाराच्या फळ्या कापून केलं. कडा घासून गुळगुळीत केल्या, कुसळ राहू नये म्हणून हात फिरवून बघितलं. आत एक जुनं लुगडं घडी करून अंथरलं, बस्स. उशी नाही, दुपटं नाही, गळ्यात काळा दोरा नाही. उशाखालचा विळा तर मी कालच उचलून गोठ्यात टाकला. बाळंतिणीच्या उशाला लोखंड पाहिजे म्हणे! पाहिजे तर रक्तात पाहिजे.

माय दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पोरगं हाय का पेरू? खोक्यात भरून बार्शीला धाडायलीस व्हय?"

मी पुस्तक काढलं. लग्नात कॉलेजातल्या बाईंनी दिलेलं. त्यात स्पष्ट लिहिलंय — तान्ह्या मुलास आईच्या अंथरुणात निजवू नये, आईस झोप लागल्यास मूल गुदमरण्याचा संभव असतो, रात्री उठून बसूनच पाजावे. मायला दोनदा वाचून दाखवलं.

"माझी सा पोरं माझ्याच कुशीत निजली."

"आणि त्यातली तीनच राहिली!"

बोलून गेले. माय सहाणेवर बाळाची गुटी उगाळत बसली होती, तिनं मान वर केली नाही. वाईट वाटलं. पण खोटं काय बोलले? या घरातली पहिली बी.ए. मी. मीच गप्प बसायचं तर अण्णांनी दोन एकर गहाण टाकून मला शिकवलं कशाला?

३१ जानेवारी, बुधवार

रात्री दहाला ठेवलं, पहाटे चारला मीच उचलून पाजलं. मधे हूं की चूं नाही! सलग तिसरी रात्र. सव्वा महिन्याचं मूल! मुरुमला ह्यांना पत्र टाकलं — "तुमच्या हायस्कुलातली पोरं एवढी शिस्तीची नसतील." हे हसतील. हसू देत. पुस्तक खरं ठरलं.

३ फेब्रुवारी, शनिवार

आज द्वारकाशी भांडले.

द्वारका म्हणजे माझा धाकटा भाऊ धोंडीबा, त्याची बायको. एकोणीस वर्षांची. धोंडीबा बैलं घेऊन छावणीवर गेलाय. घरात ज्वारीचा दाणा नाही, रेशनवरच्या परदेशी मिलोच्या लाल भाकरी खातोय. द्वारका परंड्याच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला जाते. खडी फोडायला. उजाडताना जाते, दिवस बुडाल्यावर येते. तिची चिमी पाच महिन्यांची. दिवसभर मायजवळ असते.

चिमी दिवसभर झोपते कशी, हे मला कोडंच होतं. आज सकाळी बघितलं. द्वारकानं कमरेच्या चंचीतून एक काळी गोळी काढली, मोहरीएवढी. बोटावर दुधाच्या थेंबात विरघळवली आणि बोट चिमीच्या तोंडात घातलं.

"हे काय?"

"काय न्हाय वन्सं. निजायची गोळी."

अफू! माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर! मी बोलायला लागले ती थांबलेच नाही. पाप आहे, गुन्हा आहे, पोरीचा श्वास थांबेल, मेंदू मरेल. द्वारका ऐकून घेत होती, पदर खोचत होती. शेवटी म्हणाली, "समद्या देत्यात की. कामावर एक तरी बाई दावा, न देनारी. दिसभर रडली तर मामी पानी कवा आनत्याल?" मायला ती मामी म्हणते.

"माझं बाळ बघ. रात्रभर झोपतं. काही लागत नाही त्याला!"

द्वारकानं मायकडं बघितलं. माय चुलीत फुंकत होती.

५ फेब्रुवारी

द्वारका बोलत नाही. न बोलू दे.

१२ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांचं उत्तर आलं. महिनाअखेर न्यायला येतील. मी कळवलं, लगेच नाही येणार, इथं काम आहे. काय काम, ते लिहिलं नाही. चिमीची गोळी सोडवायची, हे काम.

सुईण सारजाबाई येऊन गेली. बाळाला हातात तोलून म्हणाली, "वजन धरंना गं. पितं का नीट?" म्हटलं, पितं की, पण जागंच कमी असतं. "शहाणं हाय," माय घाईनं म्हणाली आणि गुटीची सहाण धुवायला उठली.

खरंच शहाणं आहे. बसून पाजते, तरी पाठ दुखत नाही, कारण रात्री एकदाच उठावं लागतं. द्वारकाला हे दिसत नाही का?

१७ फेब्रुवारी, शनिवार. परंडा, दवाखान्याचा व्हरांडा

बाळ जिवंत आहे. हे आधी लिहिते.

काल दुपारी जरा आडवी झाले होते. जाग आली ती छातीच्या ठणक्यानं. पोलकं भिजलेलं, ऊन उंबऱ्याच्या आत आलेलं. सकाळपासून बाळ प्यालंच नव्हतं! खोक्यात बघितलं — निजलेलं. उचललं तर मान लोंबली. छातीशी धरलं, ओठ हलेनात. ओठ जांभळे. एक श्वास आला. मी वाट बघत राहिले. दुसरा येईना. मी एवढी किंचाळले की अण्णा परड्यातून धावत आले.

अण्णांनी सायकल काढली. मी मागं, बाळ छातीशी, सारखे त्याचे तळवे चोळत. रस्त्यावर खडीच्या ढिगापाशी द्वारकानं आम्हाला बघितलं आणि हातोडा टाकून मागं धावत सुटली. दोन कोस! अनवाणी.

डॉक्टरांनी पापणी उघडून बॅटरी मारली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

"अफू कोणी दिली?"

मी ताठ झाले. "आमच्याकडं? मी बी.ए. आहे डॉक्टर. माझ्या मुलाला मी गुटीशिवाय काही देऊ देत नाही!"

"बाई, मी शिक्षण नाही विचारलं."

द्वारका दारात पोचली होती. धाप लागलेली, गुडघ्यावर हात टेकून उभी. "म्या दिली," ती म्हणाली. "सकाळी कामावर जाताना. लई किरकिर करत हुतं. वन्सं निजल्या हुत्या, म्हनलं कशाला त्यांची झोप मोडायची."

डॉक्टर म्हणाले, एका गोळीनं एवढं होणार नाही, अजून गेलंय पोटात. मी द्वारकाचा दंड धरला. "किती दिल्यास? खरं सांग!" ती रडायला लागली. "येकच. वन्सं, येकच."

मग चिमीला खांद्यावर घेऊन माय आली. पायी. पांढरीफटक. तिनं डॉक्टरांचं बोलणं ऐकलं असावं. खाली बसली आणि म्हणाली, "दुसरी माझी हाय. गुटीत. पानी आनून आले आन् घातली. रोज सांजसकाळ घालते. पाचवीपास्नं."

रोज! मी द्वारकाला शिव्या देत होते तेव्हा! ह्यांना शिस्तीचं पत्र लिहीत होते तेव्हा! हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, खारीक — आणि मोहरीएवढी काळी गोळी. द्वारकाच्या हातात ती अफू होती. मायच्या सहाणेवर तीच गुटी झाली होती.

डॉक्टर रात्रभर हलले नाहीत. टाचेवर टिचक्या मारायचे, बाळ श्वास घ्यायचं, पुन्हा विसरायचं, पुन्हा टिचकी. नळीनं माझं दूध घातलं. पहाटे रडलं! खणखणीत. दोन महिने होत आले मूल घरात आहे, आणि असं रडणं मी ऐकलंच नव्हतं.

डॉक्टरांना खोक्याचं सांगितलं. म्हणाले, "खोकं चांगलं आहे. पण त्यात जागं होणारं मूल ठेवायचं असतं. रडणं हीच त्याची राखण. तीच तुम्ही काढून घेतलीत."

"तुम्ही" म्हणाले. मीही त्यात आले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

मायला विचारलं. ओरडून विचारलं — दवाखाना आहे, लोक बघताहेत, काही भान नव्हतं. का?

माय भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "तुज्या आदीचा पोरगा. सुगीचे दिस. दिसभर ज्वारी काढून आले. पाजता पाजता डोळा लागला. उठले तर माज्या अंगाखाली." मग माझ्याकडं वळली. "तू पुस्तक वाचून दावलंस. त्यातलं मला तुज्या आदी ठावं हुतं, सुमे. म्हून म्हनलं, पोरानं रातचं उठूच न्हाय. न उठलं तर तुला पाजायला लागायचं न्हाय. पाजलं न्हाय तर डोळा लागून पोर अंगाखाली यायचं न्हाय."

मला तिचा राग येईना, आणि जाईही ना. मी म्हटलं, "डबी दे." तिनं कमरेची डबी काढून दिली. द्वारकानं चंची उलटी करून झटकली. तिच्याकडं मागावंसुद्धा लागलं नाही.

१९ फेब्रुवारी, सोमवार

घरी आलो. गोळ्या उकिरड्यात खोल पुरल्या. डॉक्टरांनी चिमीलाही तपासलं. म्हणाले, तीन-चार दिवस दोन्ही मुलं तुम्हाला जगू देणार नाहीत, पण पितात तोवर घाबरू नका. प्यायची थांबली तर तशीच उचलून आणा.

शेजारच्या केशरकाकू डोकावल्या. "काय गं, दोन्ही पोरं कोकलायलीत? समद्या आळीला झोप न्हाय."

म्हटलं, "नसू दे. आळी जागी पाहिजे."

२१ फेब्रुवारी

दोन्ही रडतात. दिवसा चिमीलाही मीच पाजते. लिहिण्याइतके डोळे उघडत नाहीत. रडा रे! रडा!

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

पुस्तकावर आज लाल पेन्सिलनं रेघ मारली. आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक खराब केलं.

"बसूनच पाजावे." परवा रात्री सहाव्यांदा उठले. बाजेवर भिंतीला टेकून बसले, बाळ मांडीवर. पुढचं काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मांडी रिकामी! बाळ घरंगळून माझी मांडी आणि भिंत यांच्यामधे अडकलेलं, तोंड भिंतीकडं. ओढून काढलं. रडलं. रडलं म्हणून वाचलो.

बसल्यानं झोप येत नाही, असं त्या लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं? त्यानं पाजलं होतं का कधी?

तेव्हापासून बाज सोडली. खाली जमिनीवर घोंगडी, घट्ट. भिंतीपासून दूर. वाकळ फक्त माझ्या पायावर, कमरेच्या वर येऊ द्यायची नाही, पोलक्यावर अण्णांचा जुना सदरा घालते थंडीला. उशी फक्त माझ्या डोक्याखाली, लहानशी. बाळ छातीच्या समोर, कुशीवर. माझे गुडघे त्याच्या पायाखाली दुमडलेले, म्हणजे मी पुढं कलंडू शकत नाही. पिऊन झालं की पाठीवर उताणं करून खोक्यात. खोकं हाताच्या अंतरावर. आणि डोळा लागलाच तर? तर घोंगडीवर आहे, भिंतीच्या फटीत नाही.

मायनं हे सगळं बघितलं. माझ्या कमरेपाशी आलेली वाकळ पायानं आणखी खाली सरकवली.

२४ फेब्रुवारी, शनिवार

मला वाटलं होतं जागा बदलली की प्रश्न सुटला. नाही सुटला.

काल रात्री द्वारका माझ्यासारखीच घोंगडीवर निजली, गुडघे दुमडून, चिमी कुशीत. सगळं मी सांगितलं तसं. दिव्याची वात बारीक करताना बघितलं — द्वारका झोपेत पुढं आलेली, तिचा दंड चिमीच्या तोंडावर. मी हाक मारली. हलवलं. चिमटा काढला! उठेना. दिवसभर हातोडा हाणलेली बाई ती, मेल्यासारखी निजलेली. शेवटी दंड दोन्ही हातांनी उचलून पोरीला काढलं.

सकाळी सांगितलं तर तिनं चिमीला उचलून छातीशी धरलं. "वन्सं, मला कळलंबी न्हाय. मला गोळी तरी परत द्या. निदान निजून तरी ऱ्हाईल बाजूला."

आणि मला कळलं. गोळी पोरीसाठी कधीच नव्हती. हातोड्यासाठी होती. मी घरात बसून पुस्तक वाचते, दिवसा दोनदा डुलकी काढते, म्हणून माझे गुडघे झोपेतही दुमडलेले राहतात. द्वारकाचे कसे राहतील? द्वारकाला उपदेश नको, झोप हवी.

ठरलं. एक दिवस ती खडीवर, एक दिवस मी. हजेरीवर नाव एकच राहील — तिचं. जिनं हातोडा हाणला तिनं त्या रात्री वेगळ्या खोलीत, एकटीनं, पोरांशिवाय निजायचं. दुसरीनं दोघांना पाजायचं. दमलेल्या बाईच्या कुशीत पोर द्यायचं नाही, हा या घरचा कायदा.

२५ फेब्रुवारी, रविवार

अण्णा भडकले. "बी.ए. झाल्याली लेक खडी फोडनार? लोक तोंडात शेण घालत्याल माज्या!"

"घालू देत. तुमची सून फोडते तेव्हा नाही घातलं?"

द्वारका चुलीशी बसून तोंडावर पदर धरून हसत होती. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

माय म्हणाली, "दोन महिन्यांची बाळंतीन तू. कंबर जाईल."

"माझी कंबर जाईल, पोरं राहतील."

ह्यांचं कार्ड कालच आलंय, गुरुवारी येतो, तयार राहा. उलट टपालानं लिहिलं — याच, पण मी खडीवर असेन तर रस्त्यातच भेट होईल. परंड्याकडून येताना डाव्या हाताचा ढीग.

२६ फेब्रुवारी, सोमवार

हजेरीला मुकादम रामलिंगनं हाक मारली, "द्वारका धोंडीबा!" मी म्हटलं, "हजर."

त्यानं मान वर केली. खालपासून वरपर्यंत बघितलं. "काय द्वारकाबाई, एका रातीत चार बोटं उंची वाढली?"

"कामावर वाटतात ती सुकडी खाऊन."

बाया खदाखदा हसल्या. रामलिंगही हसला आणि पुढचं नाव घेतलं. माझ्याशेजारी शिवम्मा म्हणून होती, तिनं हातोडा कसा धरायचा ते दाखवलं — मनगटानं नाही, खांद्यानं; दगड पायाच्या अंगठ्यानं दाबायचा. "न्हाय तर बोट जातंय ताई, आन् मग कशानं लिहिनार?" दुपारपर्यंत हाताला चार फोड. दूध भरून येऊन छाती दगड झाली, दगडाआड जाऊन पिळून मातीत टाकलं. पोरांचं दूध मातीत! हेच द्वारका रोज करत होती, आणि घरी येऊन मी तिला मेंदूचं शास्त्र सांगत होते.

दिवस बुडताना घरी. द्वारकानं दोन्ही पोरं पाजली होती, दुपारी तासभर झोपली होती, तिचा चेहरा वेगळाच दिसत होता. मी भाकरी खाल्ली, हात भाजल्यासारखे होत होते तरी हे लिहायला बसले. आणि लिहिता लिहिताच लक्षात आलं.

आज रात्री दोन्ही पोरं द्वारकाकडं. म्हणजे ती रात्रभर उठणार. आणि उद्या पाळी तिचीच! रात्रीही पोरं तिच्याकडं, सकाळी हातोडाही तिच्याकडंच. परवा तेच माझं. दोघीत हे भागत नाही! कायदा केला आणि मोजायलाच विसरले. बी.ए.चं गणित!

मोठ्यानं म्हणाले वाटतं. द्वारका म्हणाली, "असू द्या वन्सं. पयल्यापेक्षा निम्मं तर हाय." माय दाराशी चिमीला खांद्यावर घेऊन उभी होती.

निम्मं नको आहे मला.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

ऊन डोळ्यावर आलं तेव्हा जाग आली. द्वारका गेली असणार म्हणून धडपडत उठले — तर ती घोंगडीवर गाढ झोपलेली. पोरं दोन्ही बाजूला, उताणी, आपापल्या जागी. हातोडा जाग्यावर नाही. पाण्याच्या घागरी भरलेल्या.

"माय कुठंय?"

अण्णा उंबऱ्यात तंबाखू मळत बसले होते. "कामावर गेली. म्हनलं, मुकादम म्हातारीला द्वारका म्हनून घील का? तर म्हनली, सांगीन, दुस्काळात बाई लवकर म्हातारी व्हती." मग तंबाखू दाढेला लावून म्हणाले, "आन् तुला सांगा म्हनली — माजं दूद आटलंय, हात न्हाय आटलं."